रोजच्या वापरातील टर्बो गाडीसाठी इंजिन ट्यूनिंग प्रणाली कशी निवडावी

रोज कामावर नेली जाणारी टर्बो गाडी पूर्ण एक्सलेटरवर चालते तो वेळ फारच थोडा असतो. एरवी ती थंड इंजिनावर सुरू होते, एसी चालू असताना सिग्नलला आयडलवर उभी राहते, रहदारीतून हलक्या थ्रॉटलवर सरकते आणि महामार्गावर एकसारख्या वेगाने धावते. ट्यूनिंग प्रणाली निवडणारे बहुतेक लोक मात्र डायनोच्या (गाडीची ताकद मोजणारे यंत्र) आलेखावरचा सर्वोच्च आकडा पाहून निर्णय घेतात आणि नंतर सकाळी गाडी झटके देते, आयडल वरखाली होते किंवा ॲव्हरेज घसरते म्हणून हैराण होतात. माझे मत स्पष्ट आहे. अशा गाडीसाठी कंपनीने दिलेल्या ईसीयूचेच (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅपिंग, म्हणजे त्यातले नकाशे (इंधन, टायमिंग आणि बूस्टची कोष्टके) बदलणे, हा पहिला पर्याय मानावा, आणि त्याला सोडून दुसरीकडे जायचे असेल तर नेमके शब्दांत मांडता येईल असे कारण हाताशी असावे. हे कारण आहे की नाही, ते कसे ठरवायचे हे पुढे क्रमाने दिले आहे. विवेचन पेट्रोल इंजिनांपुरते आहे.

पहिली पायरी: इंजिनाची प्रकृती तपासणे

ट्यूनिंगने जुने दोष झाकले जात नाहीत. वाढलेल्या दाबाखाली ते लवकर उघडे पडतात. म्हणून कोणत्याही प्रणालीची चौकशी करण्याआधी सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे, स्पार्क प्लग काढून त्यांची अवस्था पाहावी आणि इनटेकचा मार्ग बंद करून त्यात हवेचा दाब भरावा, म्हणजे होज, क्लॅम्प किंवा इंटरकूलरच्या जोडातून हवा सुटत असेल तर आवाजावरून कळते.

त्यानंतर स्कॅनर लावून इंधनाचे ट्रिम (ईसीयू इंधनात स्वतःहून करत असलेली दुरुस्ती) वाचावेत. दीर्घकालीन ट्रिम साधारण अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर ईसीयूचा हिशेब आणि प्रत्यक्ष परिस्थिती जुळते आहे असे समजावे, आणि १० टक्क्यांच्या पलीकडे गेले असेल तर आधी कारण शोधावे. एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधला सैल क्लॅम्प पूर्ण बूस्टवर (टर्बोने वाढवलेला दाब) मोजून झालेली हवा बाहेर सोडतो आणि मिश्रण जाड होते, म्हणजे त्यात इंधन जास्त होते. थ्रॉटलच्या पुढे इनटेक मॅनिफोल्डमध्ये गळती असेल, तर आयडलला तिथल्या निर्वातामुळे न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे इंधन कमी पडते. हे दोष तसेच ठेवून ट्यूनिंग केले, तर ट्यूनर त्या दोषांनाच नकाशात पक्के बसवतो आणि पुढे गळती दुरुस्त केली की गाडी बिघडते.

या टप्प्यावर मूळ स्थितीतला एक लॉगही (चालत्या गाडीतील आकड्यांची नोंद) जपून ठेवावा. त्यात आरपीएम, बूस्ट, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), नॉकमुळे (मिश्रण अनियंत्रित पेटून होणारी ठोक) मागे घेतलेले टायमिंग, इनटेकचे तापमान आणि ट्रिम असावेत. पुढे तुलनेसाठी याहून भरवशाचा आधार मिळत नाही.

दुसरी पायरी: आपली गाडी नेमकी काय आहे ते जाणणे

चार गोष्टी लिहून काढाव्यात: इंधन पोर्टमध्ये फवारले जाते की थेट सिलिंडरमध्ये, थ्रॉटल केबलचा आहे की इलेक्ट्रॉनिक, गिअरबॉक्स मॅन्युअल आहे की ऑटोमॅटिक किंवा ड्युअल क्लच, आणि हवेचे मोजमाप एअरफ्लो सेन्सरने होते की मॅनिफोल्ड दाबावरून. यांच्या जोडीला ईसीयूचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर क्रमांक लागतो, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत ईसीयू वेगळा असू शकतो, आणि नव्या ईसीयूंमध्ये कुलूपबंद सॉफ्टवेअर असल्यामुळे काही वेळा तो काढून टेबलावरच उघडावा लागतो.

यांतला पहिला प्रश्न सर्वांत निर्णायक आहे. थेट फवारणीच्या इंजिनात इंजेक्टर उघडण्यासाठी ईसीयूला साधारण ६५ व्होल्टचा झटका द्यावा लागतो आणि उच्चदाब पंप १५० ते ३५० बारच्या पट्ट्यात सांभाळावा लागतो. मूळ ईसीयूच्या जागी बसवायच्या स्वतंत्र ईसीयूंपैकी मोजकेच हे काम स्वतः करतात. बाकीच्यांना वेगळा ड्रायव्हर बॉक्स जोडावा लागतो. अशी गाडी रोज वापरायची असेल तर रीमॅपिंगच्या बाजूने तराजू इथेच झुकतो.

तिसरी पायरी: तीन वाटांतील फरक समजून घेणे

पिगीबॅक म्हणजे सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये बसणारी पेटी. रेसचिप किंवा बीएमडब्ल्यू मालकांमध्ये प्रसिद्ध असलेला जेबी४ ही त्याची उदाहरणे. कपलर काढून जोडायचे आणि हवे तेव्हा काढून टाकायचे, ही सोय मोठी आहे. पण ती काम कसे करते हे ध्यानात घ्यावे. समजा मॅनिफोल्डमध्ये प्रत्यक्ष दाब १९० किलोपास्कल आहे आणि पेटी ईसीयूला १६० कळवते. ईसीयूला वाटते की लक्ष्य गाठले गेलेले नाही, म्हणून तो वेस्टगेट (एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देणारी झडप) आणखी मिटतो. हवा वाढते, ताकद वाढते. मात्र दाबावरून लोड काढणारा ईसीयू त्याच वेळी इग्निशन टायमिंग १६० किलोपास्कलच्या रकान्यातून उचलतो, म्हणजे १९० ला जितके हवे त्याहून पुढचे. ही चूक सावरण्याची सारी जबाबदारी नॉक सेन्सरवर येऊन पडते. जेबी४सारख्या प्रगत पेट्या गाडीतील संगणकांना जोडणाऱ्या कॅन जाळ्यावरची माहितीही वाचतात आणि बूस्ट आवरतात, त्यामुळे सर्व पेट्या एका मापाने मोजू नयेत. तरीही ईसीयूला अंधारात ठेवण्याचे तत्त्व तेच राहते.

ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच गाड्यांत याचा परिणाम आणखी खोल जातो. आधुनिक ईसीयू एक्सलेटरला थ्रॉटलचा हुकूम मानत नाही, टॉर्कची मागणी मानतो, आणि इंजिन किती टॉर्क देत आहे याचा अंदाज सतत गिअरबॉक्सला पाठवतो. त्या अंदाजावरून क्लचवर किती दाब द्यायचा हे ठरते. टॉर्क प्रत्यक्षात ४०० न्यूटन मीटर आणि कळवला जातो ३३०, असे झाले की क्लच घसरू लागतो, तेल तापते आणि क्लचची झीज वाढते. ड्युअल क्लच गाडीवर स्वस्त पेटी लावण्याचा सल्ला मी म्हणूनच कोणाला देत नाही.

रीमॅपिंगमध्ये मूळ ईसीयूमधील नकाशे बदलले जातात. बहुधा हे काम ओबीडी पोर्टमधूनच (स्कॅनर लावायचा जोड) होते. कॉब ॲक्सेसपोर्ट, एचपी ट्यूनर्स, इक्यूटेक, बीएमडब्ल्यूसाठी बूटमॉड३ आणि एमएचडी, फोक्सवॅगन समूहासाठी एपीआर अशी नावे परिचित आहेत. सुबारूसाठी रोमरेडर हे मुक्त साधनही उपलब्ध आहे. यांतल्या काहींत तयार नकाशे मिळतात, तर काहींत ट्यूनर तुमच्या गाडीच्या लॉगवरून नकाशा घडवतो. रीमॅपिंगची खरी ताकद अशी, की थंड स्टार्ट, एसीचा भार, अल्टरनेटरचा भार, उंचीनुसार भरपाई, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवणे, क्रूझ कंट्रोल, स्थिरता नियंत्रण आणि गिअरबॉक्सशी संवाद यांवर कंपनीच्या अभियंत्यांनी कडाक्याच्या थंडीत आणि उन्हात केलेले काम जसेच्या तसे टिकते. तुम्ही फक्त हवे तेवढेच बदलता.

स्वतंत्र ईसीयू म्हणजे स्टँडअलोन. हॉल्टेक, लिंक, मोटेक किंवा स्वतः जोडायचा मेगास्क्वर्ट हा मूळ ईसीयूची जागा घेतो. सगळे स्वातंत्र्य तुमचे आणि सगळी जबाबदारीही तुमचीच. काही गाड्यांसाठी मूळ कपलरमध्येच बसणारे प्लग-इन प्रकार मिळतात, आणि जुन्या, केबल थ्रॉटलच्या, पोर्ट फवारणीच्या, मॅन्युअल गाडीसाठी हा पर्याय खरोखरच विचार करण्याजोगा असतो. मूळ ईसीयूसाठी रीमॅपिंगचे साधनच नसणे, मूळ एअरफ्लो सेन्सरची मर्यादा संपणे, इथेनॉलचे प्रमाण सतत बदलत राहणारे इंधन वापरायचे असूनही मूळ ईसीयूत त्याची सोय नसणे, किंवा इंजिनच दुसऱ्या गाडीतले बसवलेले असणे, अशी कारणे असतील तर स्टँडअलोनकडे वळावे. स्पर्धेतील गाड्यांत तो असतो म्हणून तो घ्यावा, हे कारण पुरेसे नाही.

चौथी पायरी: मंद गतीवरचे वागणे तपासणे

या पायरीला बहुतेक मार्गदर्शनांत एखादे वाक्य मिळते, पण रोजच्या गाडीचे सुखदुःख इथेच ठरते. मोठे इंजेक्टर बसवण्याचे उदाहरण घेऊ. ४ सिलिंडरच्या टर्बो इंजिनातून ३०० अश्वशक्ती हवी असेल, तर इंजेक्टर ८५ टक्के ड्यूटीपर्यंतच (उपलब्ध वेळेपैकी उघडे राहण्याचा वाटा) वापरायचे धरून प्रत्येकी सुमारे ५५० सीसी प्रति मिनिट क्षमता लागते. विद्युत आदेश मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत काही काळ जातो. त्याला डेड टाइम म्हणतात आणि बॅटरीचा व्होल्टेज घसरला की तो वाढतो. आयडलला एकूण आदेश २ मिलिसेकंदांचा आणि त्यातला डेड टाइम १ मिलिसेकंदाचा असेल, तर इंधन प्रत्यक्ष १ मिलिसेकंदच फवारले जाते. ट्यूनरने डेड टाइम ०.१ मिलिसेकंदाने चुकवला तर आयडलला इंधन १० टक्के चुकते. पूर्ण लोडवर आदेश १४ मिलिसेकंदांचा असतो आणि तीच चूक एका टक्क्याहूनही कमी भरते. डायनोवर ही चूक दिसत नाही. सकाळी थंड इंजिनावर, हेडलाइट आणि एसी चालू असताना व्होल्टेज घसरला की गाडी बंद पडते, ती या कारणाने.

इंजेक्टर निवडताना म्हणूनच केवळ क्षमता पाहू नये. वेगवेगळ्या व्होल्टेजवरचे डेड टाइमचे कोष्टक आणि अगदी छोट्या आदेशांवरचा प्रवाह यांची माहिती निर्मात्याकडून मिळते का, हे विचारावे; ती मिळत नसेल तर ते इंजेक्टर कितीही नामांकित असले तरी रोजच्या गाडीत घालू नयेत.

उंचीचेही असेच आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, २,००० मीटरवर तो सुमारे ८० पर्यंत उतरतो. मॅनिफोल्डमध्ये २०० किलोपास्कल कायम ठेवायचे तर टर्बोला खाली दुपटीचे काम असते आणि वर अडीचपटीचे. त्याचा वेग आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान दोन्ही वाढतात. मूळ ईसीयू बाहेरचा दाब मोजून बूस्टचे लक्ष्य कमी करतो. स्टँडअलोन घेताना त्याला बाहेरच्या दाबाचा वेगळा सेन्सर आहे का हे पाहावे, कारण काही साध्या जोडण्यांत हा दाब फक्त चावी फिरवताना एकदाच वाचला जातो आणि लांब घाट चढताना तो जुनाच राहतो.

पाचवी पायरी: मोजमापाची साधने पुरेशी आहेत का पाहणे

जुन्या गाड्यांतला नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर मिश्रण जाड की पातळ एवढेच सांगतो. पूर्ण बूस्टवर लॅम्ब्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले आदर्श प्रमाण) साधारण ०.७८ ते ०.८५ च्या दरम्यान ठेवला जातो आणि तो अचूक वाचायला वाइडबँड सेन्सर लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा त्यासाठी सर्रास वापरला जाणारा सेन्सर आहे. लॅम्ब्डातच बोलण्याची सवय लावावी, म्हणजे इंधन बदलले तरी गोंधळ होत नाही: पेट्रोलला आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७ आणि ई८५ ला (बहुतांश इथेनॉल असलेले इंधन) सुमारे ९.८ असते, पण लॅम्ब्डा दोन्हींत १ च असतो.

मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) मर्यादा निरपेक्ष दाबात, म्हणजे निर्वातापासून मोजलेल्या दाबात, असते, हे लक्षात ठेवावे. २.५ बारचा सेन्सर समुद्रसपाटीला सुमारे १.५ बार बूस्टच वाचतो, आणि त्याच्या पुढे गेलेला दाब ईसीयूच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

सहावी पायरी: संरक्षणाची व्यवस्था विचारणे

नॉकचा आवाज सिलिंडरच्या व्यासानुसार ठरावीक वारंवारतेवर येतो. ८६ मिलिमीटर व्यासाला ती सुमारे ६.७ किलोहर्ट्झ भरते. मूळ ईसीयूतील नॉक नियंत्रण त्या इंजिनासाठी, व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरच्या आवाजासकट, बसवलेले असते. स्टँडअलोनमध्ये हीच गाळणी ट्यूनरला कान लावून, आरपीएमच्या प्रत्येक टप्प्यावर बसवावी लागते. नॉक सेन्सरला संवेदनाच उरणार नाही इतकी त्याची मर्यादा वाढवून अधिक टायमिंग देणारा ट्यूनर मिळाला, तर तिथून निघावे.

रोजच्या गाडीचा नकाशा नेहमी मिळणाऱ्या सर्वांत कमी ऑक्टेनच्या इंधनावर सुरक्षित असलाच पाहिजे. रॉन ९५ आणि एकेआय ९१ हे ऑक्टेनचे आकडे वेगळ्या मोजपट्ट्यांचे असून जवळपास एकाच इंधनाचे असतात, म्हणून दुसरीकडचा तयार नकाशा घेताना तो कोणत्या पट्टीवर लिहिला आहे हे पाहावे.

छोट्या, थेट फवारणीच्या टर्बो इंजिनांत आणखी एक धोका असतो. कमी आरपीएमवर मोठा लोड आला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि एका झटक्यात पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड जातो. टायमिंग मागे घेऊन हा प्रकार थांबत नाही, कारण ठिणगी अजून पडलेलीच नसते. त्यावर उपाय दोन: २,००० आरपीएमच्या आसपास आणि त्याखाली टॉर्कला आवर घालणे, आणि यासाठी तपासलेले तेल वापरणे. तेलाचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआयने २०१८ साली एसएन प्लस आणि आयएलएसएसीने २०२० साली जीएफ-६ हे दर्जे या प्रश्नासह लागू केले. खालून जोरदार ओढ देणारा नकाशा चालवायला फार गोड वाटतो. तरीही त्याचा मोह टाळावा.

याशिवाय तीन गोष्टी नकाशात आहेत का, हे स्पष्ट विचारावे: ठरावीक दाबापुढे बूस्ट तोडणे, शीतक किंवा इनटेक तापले की ताकद कमी करणे, आणि इंधनदाब घसरला किंवा मिश्रण पातळ झाले की लोड उतरवणे. बूस्टचा सोलेनॉइड बिघडला तर दाब वेस्टगेटच्या स्प्रिंगवर उतरेल अशीच नळ्यांची जोडणी असावी.

सातवी पायरी: ट्यूनर आधी, प्रणाली नंतर

माझ्या मते हा क्रम उलटा केल्यानेच सर्वाधिक पैसे वाया जातात. तुमच्याच इंजिनावर, तुमच्याच गिअरबॉक्सवर नियमित काम करणारा ट्यूनर ज्या प्रणालीत पारंगत आहे, ती साधी असली तरी घ्यावी. त्याला विचारावे: थंड स्टार्ट तपासण्यासाठी गाडी रात्रभर ठेवता का, हलक्या थ्रॉटलचा भाग ट्यून करता की फक्त पूर्ण थ्रॉटलचा, लॉग मला देता का, आणि पुढे एखादा भाग बदलला तर नकाशा सुधारण्याची व्यवस्था काय. दूर बसून लॉगवरून ट्यूनिंग करून घेणेही चालते, पण तिथे लॉग नीट घेण्याची जबाबदारी तुमची असते आणि ते सार्वजनिक रस्त्यावर पूर्ण वेगाने घेऊ नयेत. डायनो किंवा बंद ट्रॅक वापरावा.

फाइल कुलूपबंद करून दिली जाणार असेल तर हेही आधीच माहीत हवे, कारण अशा गाडीत दुसऱ्या ट्यूनरला बहुधा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

आठवी पायरी: वॉरंटी, विमा आणि प्रदूषण नियम

ईसीयूत लिहिल्याची नोंद अनेक गाड्यांत राहते, मूळ फाइल परत घातली तरीही. वॉरंटीतल्या गाडीचा निर्णय हे धरूनच घ्यावा. विमा कंपनीला बदल कळवावा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारे, त्याच्या मागच्या सेन्सरचा इशारा बंद करणारे किंवा प्रदूषण तपासणीचे मॉनिटर (ईसीयूच्या स्व-चाचण्या) खोटे तयार दाखवणारे नकाशे घेऊ नयेत. गाडी जिथे नोंदली आहे तिथले नियम पाळण्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय असा नकाशा देणारा ट्यूनर तुमच्या इंजिनाशीही त्याच बेफिकिरीने वागण्याची शक्यता अधिक.

नववी पायरी: नकाशा ताब्यात घेताना

फ्लॅश करताना (ईसीयूत नकाशा लिहिताना) बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडलेला आहे का, हे पाहावे. मध्येच व्होल्टेज कोसळला तर ईसीयू मृत होऊ शकतो. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवावी.

त्यानंतर गाडी रात्रभर उभी करून सकाळी सुरू करावी आणि एक्सलेटरला हात न लावता आयडल किती वेळात स्थिर होतो ते पाहावे. एसी चालू-बंद करावा, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवावे, पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये रहदारीत सरकावी, उतारावर एक्सलेटर सोडून पुन्हा हलकेच दाबावा. एकही झटका बसता कामा नये. मग नव्या लॉगची पहिल्या पायरीतल्या लॉगशी तुलना करावी. त्याच आरपीएमला, जवळपास त्याच इनटेक तापमानाला नॉकमुळे टायमिंग अधूनमधून एखाद्या अंशाने मागे जाणे सर्वसाधारण आहे, पण प्रत्येक खेपेला त्याच ठिकाणी तीन-चार अंश मागे जात असेल तर तिथे नकाशा अधिक आक्रमक आहे आणि ट्यूनरने तो कमी करून द्यायला हवा. दीर्घकालीन ट्रिम आठवडाभर चालवल्यावर पुन्हा वाचावेत, कारण फ्लॅश केल्यावर ते बहुधा शून्यावर येतात आणि लगेच पाहिलेला आकडा काहीच सांगत नाही.

स्पार्क प्लगची फट वाढलेल्या बूस्टसाठी कमी करावी लागते आणि प्लग, तेल व गिअरबॉक्सचे तेल मूळ वेळापत्रकाआधी बदलावे लागते. हे किती किलोमीटरने बदलायचे ते ट्यूनरकडून लिहून घ्यावे. गाडी सर्व्हिसला देताना सॉफ्टवेअर अपडेट करू नये असे कामाच्या पत्रकावर नोंदवून घ्यावे, कारण त्या अपडेटने रीमॅप पुसला जातो, आणि मोठे इंजेक्टर बसवलेली गाडी मूळ नकाशावर सर्व्हिस सेंटरच्या दारातूनही नीट बाहेर पडत नाही.